आकडा टाकण्यापूर्वीचे आकडे

खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या कापडगिरण्यांना पोचवायची, असा तो बेत होता. सात वर्षांनी, १९२२ मध्ये, शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही तसंच केंद्र उभं राहिलं. मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालू लागल्या तेव्हा इथल्या बहुतेक गावांत संध्याकाळी चिमणीच लागत होती. तारा डोक्यावरून जात, खाली उतरत नसत. आता शंभर वर्षांनी व्यवहार उलटा फिरला आहे. शनिवारी सकाळी मुंबईकर गाडीच्या मागे चाकांवरचं घर जोडून निघतो, पेज नाहीतर उल्हास नदीच्या काठच्या एखाद्या फार्महाऊसच्या आवारात ते उभं करतो आणि खाली उतरून राखणदाराला पहिला प्रश्न करतो, "काका, प्लग कुठाय?" पेज नदी भर उन्हाळ्यात वाहते तीसुद्धा बरीचशी भिवपुरीच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. नदीकाठी खुर्ची टाकून बसलेला पाहुणा ज्या झुळझुळीला निसर्ग म्हणतो, ते वीज काढून घेतलेलं पाणी असतं. त्याच्याकडे पाहत तो वीज शोधत असतो.

अशी चाकांवरची घरं आपल्याकडे अजून मूठभर आहेत, पण ती घेऊ पाहणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "बॅटरी केवढी लागेल?" विकणारा त्यावर "जेवढी मोठी तेवढी चांगली" असं सांगतो. सोनारही हेच सांगतो आणि दोघांचं उत्तर त्यांच्या जागी बरोबरच असतं. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न बॅटरीच्या दुकानात सुटणारा नाही. बॅटरी केवढी, हे घरातल्या एकाच निर्णयावर ठरतं: तुम्हाला विजेवर काही गरम किंवा गार करायचं आहे का? उजेड, वारा, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप यांना वीज लागते ती चिमूटभर. एसी, गिझर, इंडक्शन शेगडी, केस वाळवायचं यंत्र यांना लागते ती पोत्यानं. मिक्सर या दोहोंच्या मधला वाटतो, पण ते त्याच्या आवाजामुळे. दोन मिनिटांत चटणी वाटून तो गप्प बसतो आणि ओरडतो त्या मानानं फारच कमी खातो.

हिशेब मांडून पाहू आणि तो घरच्या वीजबिलाच्या भाषेतच, म्हणजे युनिटमध्ये मांडू. नव्या पद्धतीचा बीएलडीसी पंखा साधारण २८ वॉट घेतो. असे दोन पंखे रात्रभर दहा तास फिरले तर अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त होतं. पाच वॉटचे चार दिवे पाच तास लागले तर एक दशांश युनिट. चार फोन आणि एक लॅपटॉप मिळून साधारण तेवढंच. पाण्याचा छोटा पंप कुणी अंघोळीत गात बसलं तरी खिजगणतीत येत नाही. बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रिज दिवसाला ढोबळ मानानं ०.४ युनिट घेतो. सगळं मिळून सव्वा युनिट. शंभर अँपिअर-तासांच्या एका लिथियम बॅटरीत साधारण तेवढंच मावतं आणि तिचं वजन बारा-तेरा किलोच्या आसपास असतं. एक रात्र निभावते. दोन रात्रींसाठी दोन बॅटऱ्या घ्याव्यात किंवा छपरावर एक सोलर पॅनेल टाकावं. इथवर कुणाचं काही बिघडत नाही. मग चौघांपैकी एक जण म्हणतो, "सकाळी गरम पाणी लागेल." पंधरा लिटरची एक बादली वीस अंशांनी तापवायला ०.३५ युनिट लागतं. चार बादल्यांचे झाले १.४. म्हणजे रात्रभराचा वारा, उजेड, फ्रिज आणि सगळ्यांचं इन्स्टाग्राम मिळून जेवढी वीज जळली, तिच्याहून जास्त वीज अर्ध्या तासात मोरीतून वाहून गेली. यासाठी गॅस आहे, आणि फार्महाऊसच्या मागच्या पडवीत धूर ओकणारा तांब्याचा बंब असेल तर त्याहून उत्तम. बंबाला इन्व्हर्टर लागत नाही.

एसीचं प्रकरण मात्र बंबावर सुटत नाही. एक टनाचा एसी रात्रभर सरासरी सातशे वॉट घेतो असं मानलं तर आठ तासांत साडेपाच युनिटं होतात. बॅटरीची वीज एसीला चालेल अशी करताना इन्व्हर्टर आपली दलाली कापून घेतो, म्हणून बॅटरीतून साडेसहा युनिटं निघायला हवीत. आपल्या ओळखीची घरगुती बॅटरी म्हणजे ट्यूब्युलर, १५० अँपिअर-तासांची. तिच्यावर लिहिलेल्या आकड्याचा गुणाकार केला तर १.८ युनिट भरतात. पण तिचं आयुष्य राखायचं तर निम्म्याच्या खाली उतरू नये, म्हणजे हाती येतं ०.९. शिवाय तो १५० चा आकडा वीज दहा-वीस तासांत सावकाश उपसली तरच खरा असतो. घाईनं ओढली तर बॅटरी हात आखडता घेते. एकूण सात-आठ बॅटऱ्या झाल्या, प्रत्येकी पन्नास किलोच्या वर, म्हणजे चारशे किलो. यापुढे ट्रेलरमध्ये माणसांनी बसायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तरीही अडचण संपत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतानाचा क्षण वेगळाच असतो. चालताना पाच अँपिअर घेणारं यंत्र सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट मागतं. कर्जतच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि वर पोचल्यावर सोडतात. सपाटीवर एका इंजिनात भागतं, सदतिसात एक चढणीवर भागत नाही. कॉम्प्रेसरलाही सुरुवातीला असा बँकर लागतो. फरक इतकाच, की रेल्वेचा घाट एका फेरीत एकदाच येतो आणि एसीचा दर दहा-पंधरा मिनिटांनी येत राहतो. म्हणून दीड हजार व्हीएचा इन्व्हर्टर कागदावर पुरतो आणि प्रत्यक्षात रात्री अडीचला शिट्टी मारून बंद पडतो. नव्या इन्व्हर्टर एसीत हा धक्का बराच कमी होतो, हे मान्य. तो हळूहळू वेग घेतो. पण साडेपाच युनिटांचे फार तर साडेचार होतात, निम्मे नाहीत.

इथे कुणीतरी म्हणेलच, की गाडी चालत असताना अल्टरनेटर बॅटरी भरत असतो, मग काळजी कसली? भरतो ना. तीस अँपिअरचा चांगला चार्जर लावला तर मुंबई ते कर्जत दोन तासांच्या प्रवासात पाऊण युनिट जमा होतं. पळस्पे फाट्यावर रांग लागली तर थोडं अधिक, आणि त्या रांगेचा कुणाला तरी उपयोग झाल्याचं ते पहिलंच उदाहरण ठरेल. पण एसीच्या एका रात्रीसाठी याच वेगानं सतरा-अठरा तास गाडी चालवावी लागेल. समृद्धी महामार्गाचं ७०१ किलोमीटरचं अंतर आठ तासांत कापता येतं असं सांगतात. तेव्हा शुक्रवारी मुंबईहून निघून नागपूरला जावं, संत्री घ्यावीत, परत यावं आणि कर्जतला एसी लावून शांत झोपावं.

म्हणजे ज्याला एसी हवा त्यानं बॅटरीचा विचार सोडून भिंतीतल्या प्लगचा विचार करावा. परदेशी माहितीपत्रकांत याला शोअर पॉवर म्हणतात आणि तिथल्या कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीसाठी विजेचा स्वतंत्र खांब असतो, तीस किंवा पन्नास अँपिअरचा. आपल्याकडे तसा खांब नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी एक गुणाकार करून पाहावा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, म्हणून त्यांच्या तीस अँपिअरच्या खांबातून ३६०० वॉट मिळतात. आपली २३० व्होल्टची, म्हणून गिझरच्या सोळा अँपिअरच्या जाड पिनेच्या प्लगमधून ३६८० वॉट मिळतात. कर्जतच्या कोणत्याही बंगल्याच्या न्हाणीघरात तो खांब आधीपासून भिंतीत बसवलेला आहे, तोही ऐंशी वॉटनं सरस. दुखणं प्लगचं नाहीच. त्याच्यामागे काय आहे, ते दुखणं आहे.

त्याच्यामागे आधी एक वायर आहे. ट्रेलर नेहमी आंब्याखाली उभा असतो आणि प्लग नेहमी बंगल्याच्या पलीकडच्या बाजूला असतो. मग पन्नास मीटरची एक्स्टेन्शन येते, बहुधा मांडववाल्याकडून, दीड चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन शंभर मीटर तांबं झालं. त्याचा रोध सव्वा ओहमच्या आसपास. त्यातून एसी आणि गिझर मिळून पंधरा अँपिअर ओढले तर वाटेतच अठरा व्होल्ट गळतात आणि पावणेतीनशे वॉट वायर तापवण्यात जातात. ती वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवली, आणि ती नेहमी गुंडाळलेलीच ठेवतात कारण उलगडली तर परत गुंडाळावी लागते, तर ती उष्णता रिळातच कोंडते आणि आवरण वितळू लागतं. वायरच्या मागे डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, आहे. नियमानं २३० व्होल्टला सहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे २१६ पर्यंत. पण शनिवारी रात्री नऊला शंभर केव्हीएच्या एका डीपीवर बारा बंगले आणि प्रत्येकात पाच एसी असले तर त्याची ताकद तिथेच संपते, आणि गावातली घरं अजून मोजायची आहेत. शेवटच्या खांबावर १९० आलं आणि वायरनं अठरा खाल्ले, तर ट्रेलरमध्ये पोचले १७२. तेवढ्यावर कॉम्प्रेसर घुमतो, थरथरतो, पण सुरू होत नाही. थोड्या वेळानं सगळीकडेच अंधार होतो आणि काका टॉर्च घेऊन येतात. "लाइट गेली साहेब. डीओ फ्यूज पडलाय. वायरमनला फोन केलाय." वायरमन वाटेत असतो. तो नेहमीच वाटेत असतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्याच्याएवढं काम तालुक्यात दुसऱ्या कुणाला नसतं.

अर्थिंगबद्दल मात्र विनोद करू नये. ट्रेलर पत्र्याचा असतो आणि रबरी टायरांवर उभा असतो. आत एखाद्या वायरीचं आवरण सोललं तर अख्खा पत्रा फेज होऊन बसतो आणि ओल्या गवतावर उभं राहून दाराची कडी धरणारा माणूसच त्याचं अर्थिंग होतो. म्हणून तीन पिनांपैकी जाड पिनेला खरोखर जमिनीत गेलेली तार आहे का, हे टेस्टरवाल्याकडून पाहून घ्यावं, आणि ट्रेलरमध्ये तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असावा. जाड पिनेचा प्लग बारीक भोकांत बसवून देणारी जी पाच-पन्नास रुपयांची जोडणी बाजारात मिळते, ती घरीच ठेवावी.

फार्महाऊस या शब्दात फार्म असल्यामुळे आणखी एक गंमत होते. काही आवारांत जवळचा प्लग हा विहिरीवरच्या पंपाच्या खोलीतला असतो आणि पंपाची जोडणी शेतीची, म्हणजे सवलतीच्या दराची. तिथे पाहुण्यांचा एसी लावणं म्हणजे वीज ज्या कारणासाठी घेतली त्याखेरीज दुसऱ्याच कारणासाठी वापरणं. २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमात याची सोय करून ठेवली आहे आणि आकारणी दुप्पट दरानं होते. तारेवर थेट आकडा टाकला तर १३५ वं कलम लागतं, तो वेगळा विषय. शेतीची वीज पाळीपाळीनं येते, त्यामुळे हा एसी कधी मध्यरात्री चालू होईल आणि कधी भर दुपारी बंद पडेल. निदान भाताला पाणी मिळतं तेव्हा पाहुण्याला गारवा मिळेल, एवढी समता त्यात आहे.

सोलरवाल्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. छपरावर चारशे वॉटचे दोन पॅनेल सहज मावतात आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी त्यांतून तीनेक युनिटं मिळतात. आपल्या सव्वा युनिटाच्या यादीला हे पुरून उरतं, आणि त्या यादीसाठी मी पॅनेलच्या बाजूनंच मत देईन. पण एसीच्या रात्रीच्या हिशेबाला ते निम्म्यालाही पुरत नाहीत. शिवाय पॅनेलला ऊन लागतं आणि माणसाला सावली. पत्र्याची पेटी चाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये उन्हात उभी केली तर पॅनेल भरपूर वीज देतात आणि आतला गारवा मिळवायला ती सगळी लागते. आंब्याखाली उभी केली तर आत बरं असतं आणि छपरावर वीज नसते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या कर्जतमध्ये, जुलैत, पॅनेलचा मुख्य उपयोग पावसाचा आवाज मोठा करणं हा होतो. आणि मुंबईकर कर्जतला सगळ्यात जास्त येतो तो जुलैतच.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अलीकडच्या काही विजेच्या मोटारी स्वतःच्या बॅटरीतून बाहेरच्या यंत्रांना वीज देतात. टाटांच्या नेक्सॉन ईव्हीच्या २०२३ च्या आवृत्तीत ही सोय ३.३ केव्हीएपर्यंत आली आणि तिच्या मोठ्या बॅटरीत चाळीस युनिटं मावतात. त्यातली सहा-सात रात्रीत गेली तरी बरीच उरतात, मात्र मागे ट्रेलर ओढताना पल्ला बराच कमी होतो हे धरूनच चालावं. हे खरं आहे आणि एसीचा आग्रह असलेल्यांसाठी आजचा सगळ्यात शहाणा मार्ग हाच आहे. एवढंच, की मग ट्रेलरमध्ये बॅटरी केवढी हवी या प्रश्नाचं उत्तर "शून्य" असं येतं आणि ट्रेलरवाल्यानं विकलेल्या सात-आठ बॅटऱ्या शोभेच्या राहतात.

जनरेटरची बाजू घेणारे लोक खालापूरकडे बोट दाखवतात. तिथल्या चौक गावाजवळ कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला आणि चित्रीकरणाच्या दिवसांत तिथे व्हॅनिटी व्हॅन येतात. आपल्याकडचं खरं चाकांवरचं घर तेच, ट्रेलरवाल्यांच्या कितीतरी आधीचं. त्यांत एसी आहे, आरसा आहे, आरशाभोवती दिवे आहेत, आणि ते सगळं डिझेल जाळून चालतं. पण तिथला जनरेटर सांभाळायला एक माणूस पगारावर असतो आणि त्याचं भाडं निर्माता भरतो. हौशी प्रवाशाकडे यांपैकी कुणीच नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. त्या वायूला वास नसतो. झोपायच्या जागेजवळ जनरेटर लावू नये, यावर मी वाद घालायला तयार नाही.

राहता राहिलं सरकार. राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात कॅराव्हॅन पार्कला रस्ता, पाणी आणि विजेची जोडणी असावी असं म्हटलं आहे. हे झालं तर उत्तमच. स्वतंत्र मीटर, नीट अर्थिंग आणि जाड केबल असलेला दहा जागांचा एखादा पार्क कर्जत-खालापुरात उभा राहिला तर वरचे दोन-तीन परिच्छेद मी आनंदानं मागे घेईन. फक्त दहा एसींसाठी दहा-बारा किलोवॉटचा भार लागेल आणि तो त्याच डीपीवर टाकून चालणार नाही, एवढं कुणीतरी अर्जात लिहावं.

तोवर माझ्या मते या भागासाठी शहाणं चाकांवरचं घर असं आहे: एक किंवा दोन लिथियम बॅटऱ्या, एक पॅनेल, दोन पंखे, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, स्वयंपाक गॅसवर, आणि प्लग मिळाला तर फक्त बॅटरी भरण्यापुरता, जे काम ५ अँपिअरचा साधा प्लगही रात्रभरात करतो. जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा कर्जतला पहाटे पंखाही बंद करावा लागतो. ज्यांना मे महिन्यातच जायचं आहे आणि एसीही हवा आहे त्यांच्यासाठी जगात फार पूर्वी एक शोध लागलेला आहे. त्याला चार भिंती असतात, तो जागचा हलत नाही आणि कर्जतमध्ये तो रात्रीच्या भाड्यानं मिळतो.

यावर घरातून येणारी शेवटची हरकत एसीची नसते. "खिडक्या उघड्या ठेवायच्या म्हणता, मग डासांचं काय?" जाळीला वीज लागत नाही. लिक्विडच्या मशीनला लागते पाच वॉटच्या आसपास, दहा तासांची ०.०५ युनिट. हिशेबात बसते, लावा.